वेगाच्या आधी कंबर पाहा: कॉलेजचा कॉर्नरबॅक कसा पारखतात

एप्रिल २०२२. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट लास व्हेगासला भरला होता. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायचे. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि ढोबळमानाने सांगायचं तर आदल्या हंगामात जो सगळ्यात मागे राहिला त्याचा नंबर सगळ्यात आधी. त्या वर्षी तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर लागोपाठ दोन कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलणाऱ्याला रोखणारे बचावपटू, गेले. ह्यूस्टन टेक्सन्सनी लुइझियाना स्टेटचा डेरेक स्टिंगली ज्युनियर घेतला आणि न्यूयॉर्क जेट्सनी सिनसिनाटी विद्यापीठाचा अहमद गार्डनर. या गार्डनरला सगळे ‘सॉस’ म्हणूनच ओळखतात.

पण त्या वर्षीचा सर्वांत वेगवान कॉर्नरबॅक या दोघांपैकी कोणीच नव्हता. तो होता बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स. त्याने ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.२३ सेकंदांत कापले होते. इतका वेग वर्षानुवर्षांत एखाद्याच खेळाडूत दिसतो. तरीही त्याचं नाव पुकारलं गेलं सातव्या फेरीत, २४२व्या क्रमांकावर. लगेच पुढच्या, २४३व्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सनी वॉशिंग्टन स्टेटचा जेलन वॉटसन उचलला. बार्न्सला त्याच्या संघाने पहिला हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिलं. वॉटसनने हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात चार्जर्स संघाचा पास मधल्यामध्ये पकडला, ९९ यार्ड पळत नेला आणि टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात तो होता.

स्टॉपवॉचवर इतका मागे असलेला खेळाडू मैदानावर पुढे का गेला? याचं उत्तर समजलं की कॉर्नरबॅक पारखण्याची निम्मीअधिक विद्या हाती आली.

आधी हे काम काय असतं ते पाहू. पास झेलण्यासाठी मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू म्हणजे रिसिव्हर, आणि त्याला रोखणारा तो कॉर्नरबॅक. रिसिव्हरला ठाऊक असतं की आपण दहा यार्ड पळून आत वळणार आहोत, की बाहेर वळणार, की सरळ शेवटपर्यंत सुटणार. त्याच्या क्वार्टरबॅकलाही, म्हणजे पास फेकणाऱ्यालाही, ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त कॉर्नरबॅकला. शिवाय समोरचा पुढे पळतो आणि हा बराच वेळ उलट्या पावलांनी, पाठीमागे. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू साधारण अडीच-तीन सेकंदांत सुटतो. म्हणजे जे काही ओळखायचं ते तेवढ्यात. आणि चुकलं तर मागे बहुतेक वेळा कोणी नसतं. चूक थेट धावफलकावर दिसते, तीही लाखो लोकांसमोर. माझ्या मते या खेळात क्वार्टरबॅकच्या खालोखाल एकटेपणाचं काम हेच.

म्हणून जाणते स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारे लोक, पहिल्यांदा वेग पाहत नाहीत, कंबर पाहतात. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक चढाईपटूच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याची नजर कमरेवर आणि पायांवर असते. कॉर्नरबॅकचंही तसंच. रिसिव्हर खांदे हलवतो, मान वळवतो, डोळ्यांनी फसवतो, पण कंबर ज्या दिशेला जाते तिकडेच माणूस जातो. आणि स्काउट जेव्हा कॉर्नरबॅकच्या कमरेकडे पाहतो, तेव्हा तो एक वेगळी गोष्ट शोधत असतो: मागे मागे पळणारा हा मुलगा वळून पुढे धावायला लागतो, तेव्हा त्याचा वेग किती मरतो? काही जणांची कंबर दाराच्या बिजागरीसारखी अलगद फिरते. काहींना मात्र वळायला दोन पावलं जास्त लागतात, धड वर उठतं, हात हवेत जातात. तेवढ्यात रिसिव्हर दोन यार्ड पुढे गेलेला असतो. सरळ रेषेत ४.२३ सेकंदांत पळणाऱ्यालाही ते दोन यार्ड भरून काढणं जड जातं, कारण समोरचाही काही रांगत नसतो.

एक चाल जवळून पाहू. तिसरा डाऊन आहे, म्हणजे चार प्रयत्नांतला तिसरा, अजून सात यार्ड काढायचे आहेत, म्हणून पास येणार हे सगळ्यांना माहीत आहे. रिसिव्हर उजव्या कडेला उभा आहे आणि कॉर्नरबॅक त्याच्या अगदी तोंडासमोर, हातभर अंतरावर. याला ‘प्रेस’ म्हणतात. चाल सुरू झाली. रिसिव्हरने डावा पाय आत टाकला, जणू आतल्या बाजूला घुसणार. इथे कच्चा कॉर्नरबॅक लगेच झेप घेतो. दोन्ही हात पुढे फेकतो, वजन पंजांवरून पुढे कलतं, आणि रिसिव्हर बाहेरून निसटतो. पक्का कॉर्नरबॅक त्या पहिल्या पावलाला काहीच उत्तर देत नाही. तो पाव पाऊल मागे सरकतो, छाती समोरच्याच्या छातीसमोर ठेवतो आणि खऱ्या दुसऱ्या पावलाची वाट पाहतो. मग एकच हात, रिसिव्हर ज्या बाजूने निघाला त्याच्या विरुद्ध बाजूचा हात, त्याच्या खांद्याखाली लागतो. धक्का जोराचा नसतो, पण तो रिसिव्हरला अर्ध्या पावलाने कडेकडे ढकलतो. पासची वेळ ठरलेली असते. अर्धं पाऊल उशीर झाला की चेंडू जिथे पडायचा तिथे रिसिव्हर पोहोचत नाही. सामना पाहणाऱ्याला वाटतं क्वार्टरबॅकचा पास चुकला. तो चुकवलेला असतो.

प्रेसपेक्षा वेगळी पद्धत म्हणजे सात-आठ यार्ड मागे उभं राहणं. इथे धडक नसते, वाचन असतं. कॉर्नरबॅक उलट्या पावलांनी मागे सरतो, एक डोळा क्वार्टरबॅकवर ठेवतो, आणि रिसिव्हर थांबायला लागला की त्याच क्षणी पाय रोवून पुढे झेपावतो. पाय रोवणं आणि पुढे निघणं यात किती वेळ जातो, हे स्काउट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात. रोवलेला पाय शरीराच्या खाली आला तर निघणं तात्काळ होतं. तो लांब पडला तर घसरतो किंवा वेळ खातो. हा फरक टीव्हीवर सहज दिसत नाही.

टीव्हीवर तर खरं बरंच काही दिसत नाही. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चाल सुरू झाल्यावर कडेचे कॉर्नरबॅक चौकटीबाहेर जातात, आणि चेंडू त्यांच्याकडे आला तरच परत दिसतात. म्हणून संघ आपल्या अभ्यासासाठी उंचावरून घेतलेलं चित्रण वापरतात, ज्यात दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू सतत दिसतात. त्याला ‘ऑल-२२’ असंच म्हणतात. एखादा कॉर्नरबॅक टीव्हीवर अख्खा सामना अदृश्य राहिला, तर त्याने काही केलं नाही असं आपल्याला वाटतं. ऑल-२२ पाहिल्यावर कळतं की तो सगळ्या चाली रिसिव्हरला चिकटून होता, म्हणूनच तिकडे कोणी पास टाकला नाही.

आणि इथूनच आकड्यांची खरी पंचाईत सुरू होते. कॉर्नरबॅकचा सर्वांत गाजणारा आकडा म्हणजे इंटरसेप्शन, समोरच्याचा पास आपण पकडणं. ओकलंड रेडर्सचा नामडी असोमुघा याने २००६च्या हंगामात ८ इंटरसेप्शन केले. पुढच्या तिन्ही हंगामांत त्याचा आकडा होता प्रत्येकी १. तो उतरला नव्हता. उलट त्याच वर्षांत त्याची गणना लीगमधल्या सर्वोत्तम कॉर्नरबॅकमध्ये होत होती. क्वार्टरबॅकनी त्याच्या बाजूला पास टाकणंच सोडलं होतं. याच्या उलटही होतं: डॅलस काउबॉइजच्या ट्रेव्हॉन डिग्सने २०२१मध्ये ११ इंटरसेप्शन केले, लीगमध्ये पहिला आला, पण धोका पत्करून झेप घ्यायच्या त्याच्या सवयीमुळे त्याच्याविरुद्ध यार्डही भरपूर निघाले. म्हणून नुसता इंटरसेप्शनचा आकडा पाहून कॉलेजचा मुलगा निवडणं हा मला जुगार वाटतो. किती पास त्याच्या दिशेने आले, त्यातले किती पुरे झाले, किती त्याने हात लावून पाडले, हे आकडे त्याहून बरे. पण तेही चित्रणासोबतच वाचायचे.

स्टिंगलीचंच घ्या. २०१९मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, त्याने ६ इंटरसेप्शन केले आणि त्याचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. नंतरच्या दोन वर्षांत त्याचे इंटरसेप्शन शून्य. २०२१मध्ये तर पायाच्या दुखापतीमुळे तो जेमतेम ३ सामने खेळला. ड्राफ्टच्या वेळी लोक विचारत होते, हा एका वर्षाचा चमत्कार तर नव्हे? टेक्सन्सनी आकड्यांपेक्षा पहिल्या वर्षीच्या पावलांवर विश्वास ठेवला. पहिला व्यावसायिक हंगामही दुखापतीने अर्धा गेला, तेव्हा टीका झाली. नंतर २०२३मध्ये त्याने ५ इंटरसेप्शन केले, २०२४मध्येही ५, आणि लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम संघात, ऑल-प्रोमध्ये, त्याची पहिल्या फळीत निवड झाली.

आता मोजमापांकडे. दर वर्षी फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ नावाची चाचणी असते. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, ४० यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी, दिशा बदलत पळण्याच्या चाचण्या हे सगळं तिथे मोजतात. प्रसिद्धी ४० यार्डांना मिळते. संघांना मात्र त्याहून जास्त रस असतो त्यांच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत आणि बंद खोलीतल्या मुलाखतीत. तिथे फळ्यावर एक चाल काढून विचारतात, इथे तुझं काम काय? आणि तुझ्या शेजारच्याचं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो देतो त्याला खेळ कळतो. वैद्यकीय अहवालाचं वजन तर केवढं असतं, ते २०२५मध्ये दिसलं. मिशिगनचा विल जॉन्सन हा पहिल्या फेरीतला समजला जाणारा खेळाडू, पण गुडघ्याबद्दलच्या शंकेने तो घसरला आणि ॲरिझोनाने त्याला दुसऱ्या फेरीत ४७व्या क्रमांकावर घेतलं.

हाताची लांबी हे मोजमाप वरवर विचित्र वाटतं, पण त्याला अर्थ आहे. लांब हात म्हणजे प्रेसमध्ये समोरच्याला आधी स्पर्श, आणि पास पाडताना दोन-तीन इंच जास्त पोहोच. गार्डनर सहा फूट तीन इंचांच्या आसपास, हात साडेतेहतीस इंचांचे. २०२२च्याच ड्राफ्टमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ट्रेंट मॅकडफीचे हात तीस इंचही भरले नाहीत. बऱ्याच संघांच्या यादीत तेवढ्यावरून तो खाली गेला असणार. चीफ्सनी मात्र दुसऱ्या संघाशी क्रमांकांची अदलाबदल करून, वर सरकून २१व्या क्रमांकावर त्याला घेतलं. त्याची पावलं नीट होती, टॅकल, म्हणजे चेंडू घेतलेल्याला धरून पाडणं, चोख होता आणि चाल ओळखण्यात त्याची चूक क्वचित व्हायची. दुसऱ्याच हंगामात तो ऑल-प्रो झाला. त्या हंगामात चीफ्सनी त्याला बऱ्याचदा आतल्या बाजूला, म्हणजे कडेच्या रिसिव्हरऐवजी मधल्या रिसिव्हरसमोर खेळवलं. या जागेला ‘स्लॉट’ म्हणतात. तिथे समोरचा डावीकडेही जाऊ शकतो आणि उजवीकडेही, मदतीला सीमारेषा नसते, आणि धावणाऱ्या खेळाडूला पाडायचं कामही वाट्याला येतं. एकेकाळी ही दुय्यम जागा समजत. आज बहुतेक संघ निम्म्याहून अधिक चालींत तिथे मागच्या फळीतला पाचवा बचावपटू उतरवतात, त्यामुळे ती जागा आता मुख्य अकरातलीच झाली आहे.

वेगाला किंमत नाही असं मात्र मी म्हणत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये टेक्सास-सॅन अँटोनियोचा रिक वूलन होता: सहा फूट चार इंच, ४.२६ सेकंद. तो आधी रिसिव्हर होता, कॉर्नरबॅक म्हणून कच्चा, म्हणून पाचव्या फेरीत १५३व्या क्रमांकापर्यंत राहिला. सिअ‍ॅटलने घेतला आणि पहिल्याच हंगामात त्याने ६ इंटरसेप्शन करून लीगमध्ये बरोबरीने पहिलं स्थान मिळवलं. सिअ‍ॅटलला असे खेळाडू घडवण्याचा सराव होता. २०११मध्ये त्यांनी स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन घेतला होता, तोही आधीचा रिसिव्हर, तोही उंच, तोही पाचव्या फेरीतला, १५४वा. शर्मन वूलनएवढा वेगवान मुळीच नव्हता. पण रिसिव्हर कुठे जाणार हे त्याला रिसिव्हर असल्यासारखं कळायचं. लांबी, वेग आणि समज यांपैकी कशाची उणीव कशाने भरून निघेल, हे ठरवणं म्हणजेच पारख. एकच साचा धरून बसलं की वूलनही निसटतो आणि मॅकडफीही.

कॉलेजचा खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत जो फरक आहे, तो नव्या प्रेक्षकांना सहसा कोणी सांगत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण चाल जिथून सुरू होते त्या आडव्या खुणांच्या दोन रांगा, त्यांना हॅश म्हणतात, कॉलेजात एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असेल तर एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. त्यामुळे कित्येक कॉलेज संघ एका कॉर्नरबॅकला कायम अरुंद बाजूला आणि दुसऱ्याला कायम रुंद बाजूला ठेवतात. अरुंद बाजूच्या मुलाला सीमारेषेची मदत मिळते, अंगावर अंग घालायला मिळतं. रुंद बाजूच्या मुलाला मोकळं रान सांभाळावं लागतं. दोघांची तुलना करताना कोण कुठे उभा राहत होता हे आधी पाहायचं. एनएफएलमध्ये चेंडू कायम मध्याच्या जवळपास असतो, त्यामुळे दोन्ही बाजू साधारण सारख्या.

दुसरा फरक नियमांचा. एनएफएलमध्ये १९७८पासून, चेंडू जिथून सुरू होतो त्या रेषेपुढे पाच यार्डांपलीकडे रिसिव्हरला अडवायला बंदी आहे. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसिव्हरांना इतका झोडपायचा की या नियमाला लोक त्याचंच नाव देतात. कॉलेजात पास हवेत जाईपर्यंत बरीच झटापट चालते. शिवाय पासच्या वेळी रिसिव्हरला धरलं तर कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्डांचा दंड होतो. एनएफएलमध्ये चूक जिथे झाली तिथेच चेंडू ठेवतात, मग ते ४५ यार्ड का असेनात. कॉलेजात जर्सी ओढून, कमरेला हात लावून निभावलेला मुलगा व्यावसायिक लीगमध्ये एका सामन्यात संघाला शंभर यार्डांना बुडवू शकतो. म्हणून चित्रण पाहताना स्काउट रिसिव्हरच्या जर्सीकडेही पाहतात. ती ताणली जातेय का? चेंडू येताना मुलगा मान वळवून चेंडू शोधतो, की घाबरून रिसिव्हरला मिठी मारतो? शेवटच्या क्षणी मान वळवणं शिकवता येतं असं प्रशिक्षक म्हणतात. माझं मत असं की थोडंफार शिकवता येतं. घाबरटपणा मात्र चटकन जात नाही.

तिसरा फरक प्रतिस्पर्ध्यांचा. गार्डनरने सिनसिनाटीच्या तीन वर्षांत एकही टचडाऊन होऊ दिला नाही, ही गोष्ट सगळीकडे सांगितली गेली. त्यावर आक्षेप होता की सिनसिनाटी ज्या संघांच्या गटात खेळायचं त्यातले रिसिव्हर दुय्यम. पण २०२१च्या अखेरीस सिनसिनाटी राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य फेरीत अलाबामासमोर आलं. संघ २७-६ असा हरला, तरी गार्डनरच्या बाजूने अलाबामाला फारसं काही मिळालं नाही. संपूर्ण हंगामाच्या आकड्यांपेक्षा असा एक सामना जास्त सांगून जातो. छोट्या कॉलेजातल्या मुलांसाठी दुसरी संधी म्हणजे अलाबामातल्या मोबाइल शहरात जानेवारीअखेरीस होणारा सीनियर बोल. त्याच्या सराव सत्रांत एकास एक कवायत होते: रिसिव्हर, कॉर्नरबॅक आणि सगळं मैदान मोकळं. २०२४मध्ये टोलीडो या तुलनेने लहान विद्यापीठाच्या क्विनयॉन मिचेलने तिथे मोठ्या कॉलेजांच्या रिसिव्हरांना दाबून ठेवलं. फिलाडेल्फियाने त्याला २२व्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच हंगामात तो सुपर बोल जिंकला.

एवढं करूनही फसतं, आणि ते का फसतं हे बफेलो बिल्सनी २०२२मध्ये घेतलेल्या दोन खेळाडूंत फार स्पष्ट दिसतं. पहिल्या फेरीत वर सरकून त्यांनी फ्लोरिडाचा कायर एलम २३व्या क्रमांकावर घेतला. उंच, वेगवान, प्रेसमध्ये तरबेज. सहाव्या फेरीत, १८५व्या क्रमांकावर, व्हिलानोव्हा या फुटबॉलमध्ये छोट्या समजल्या जाणाऱ्या विद्यापीठाचा क्रिस्चन बेनफर्ड. बफेलोचा बचाव बहुतांश झोन प्रकारचा, म्हणजे प्रत्येकाने माणूस न धरता आपला भाग राखायचा, क्वार्टरबॅककडे पाहायचं आणि चेंडू सुटला की झेपावायचं. एलम माणसाच्या अंगाला चिकटून खेळण्यात वाढलेला. बेनफर्डला मागे राहून वाचायचं अंग होतं. हळूहळू ती जागा बेनफर्डची झाली. मार्च २०२५मध्ये बफेलोने बेनफर्डचा करार वाढवला आणि त्याच महिन्यात एलमला डॅलसला देऊन टाकलं. एलम वाईट खेळाडू होता असा याचा अर्थ नाही. ज्या संघाने त्याच्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याचाच खेळ त्याच्या अंगच्या खेळाशी जुळत नव्हता. ड्राफ्टच्या गुणपत्रिका छापणारे बहुतेक लोक खेळाडूला गुण देतात. तो कोणत्या बचावात जाणार, हे न पाहता दिलेल्या त्या गुणांना मी फारसं महत्त्व देत नाही.

टॅकलबद्दल थोडं, कारण तो कॉर्नरबॅकच्या बाबतीत सहज विसरला जातो. आक्रमक संघ मुद्दाम कॉर्नरबॅकच्या बाजूला छोटा पास देतात किंवा धावणारा गडी पाठवतात, कारण त्यांना पाहायचं असतं की हा अंगावर घेतो की बाजूला होतो. तिथे ताकदीपेक्षा इच्छा जास्त दिसते. सामना हातातून गेलेला असतानाच्या चौथ्या क्वार्टरमधल्या चाली स्काउट म्हणूनच वगळत नाहीत.

अमेरिकेत असाल तर शनिवारी कॉलेजचे सामने लागतात. भारतात ते शनिवारी रात्री उशिरा किंवा रविवारी पहाटे पडतात. एकच कॉर्नरबॅक निवडा आणि चाल सुरू होताना, तो चौकटीत असेपर्यंत, चेंडूकडे अजिबात पाहू नका. त्याचं पहिलं पाऊल पाहा. रिसिव्हरने हुल दिली तेव्हा तो हलला का, वळताना धड वर उठलं का, हे पाहा. आणि त्याच्यावर टचडाऊन झालाच, तर पुढची चाल चुकवू नका. तो मघाच्याच जागी, हातभर अंतरावर उभा राहतो, की भीतीने तीन यार्ड मागे सरकतो? प्रशिक्षक ज्याला कॉर्नरबॅकची विसरण्याची ताकद म्हणतात, ती तिथेच दिसते आणि कम्बाइनमध्ये ती मोजण्याची कोणतीही चाचणी नाही.